चांदूर बाजारकडे, डिलनच्या पांढऱ्या रेकॉर्डच्या मागावर

अमरावती जिल्ह्याच्या खेड्यांत जुन्या रेकॉर्ड शोधायला जायचं असेल तर दिवाळी ते होळी एवढाच काळ धरा. पावसाळ्यात माळ्यावर सगळं ओलसर असतं, कव्हर हातात घेतलं की पापुद्रे सुटतात. आणि मे महिन्यात तर जाऊच नका. तुम्हाला काही होणार नाही, पाणी पीत राहाल, पण बंद गाडीच्या मागच्या काचेखाली ठेवलेली एलपी संध्याकाळपर्यंत पापडासारखी वळते.

मी गेलो तो डिसेंबरात. मुंबईहून रेल्वेने बडनेरा, तिथून अमरावती, पुढे एसटीने चांदूर बाजार. अमरावतीत उतरल्यावर गिला वडा खाऊन घ्या, पुढे दुपारपर्यंत पोटाला काय मिळेल त्याचा भरवसा नसतो. चांदूर बाजारच्या आजूबाजूला संत्र्याचे बगिचे आहेत आणि त्या दिवसांत अंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्यात येणाऱ्या संत्र्यांची, तोड चालू असते. दिवसा घरी माणूस भेटत नाही. चारनंतर जा.

मला हवं होतं ते असं: अमेरिकन गायक बॉब डिलनच्या प्रसिद्ध न झालेल्या ध्वनिमुद्रणांच्या चोरट्या रेकॉर्ड्स, ज्यांना जगभर बूटलेग म्हणतात. त्यातली सगळ्यात गाजलेली ‘ग्रेट व्हाइट वंडर’. 1969 च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसमध्ये निघालेला हा दोन एलपींचा संच. कव्हर कोरं पांढरं, लेबलही कोरं, वर ना कंपनी ना गायकाचं नाव. आत 1961 च्या डिसेंबरात मिनियापोलिसमध्ये टेपवर घेतलेली गाणी, 1967 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका घराच्या तळघरात मित्रांबरोबर गायलेली काही, आणि जून 1969 मध्ये टीव्हीवर दाखवलेलं एक. म्हणजे टीव्हीवर दिसलेलं गाणं काही आठवड्यांत रेकॉर्डवर! तळघरातली गाणी कंपनीने अधिकृतपणे काढली ती 1975 मध्ये. तोवर ऐकायची तर हाच मार्ग. त्या वेळी अमेरिकेत ध्वनिमुद्रणांना केंद्रीय कॉपीराइटचं संरक्षणच नव्हतं. ते लागू झालं 15 फेब्रुवारी 1972 पासून. त्या फटीतून हा सगळा धंदा उभा राहिला.

आता हे वऱ्हाडात कसं आलं? माणसांबरोबर. या भागातून त्या काळात काही मुलं शेतीचं, डॉक्टरकीचं शिकायला अमेरिकेत गेली आणि त्यातली काही परतलीही. रेकॉर्डच्या दुकानात शोधण्यात अर्थ नाही. असं घर शोधायचं. आणि घर सापडतं कसं, तर साउंड सर्व्हिसवाल्याकडून. तालुक्याच्या गावात लग्नाकार्याला भोंगे पुरवणारे एक-दोन जुने लोक अजून असतात. कोणाकडे फोनो म्हणजे ग्रामोफोन होता, कोणाचा रेकॉर्ड प्लेअर दुरुस्तीला आला होता, हे त्यांना तोंडपाठ. त्यांच्या स्वतःच्या रेकॉर्ड्सकडे मात्र पाहू नका, लग्नांत वाजवून वाजवून खाचा गेलेल्या असतात. चहा घ्या, तासभर बसा, मग विचारा. गावात थेट शिरून ‘जुनं काही आहे का’ म्हटलंत तर लोक भंगारवाला समजतात आणि पितळेचे गुंड बाहेर काढतात.

अशा एका साउंडवाल्या काकांनी मला एका खेड्यातल्या वाड्यावर पाठवलं. घरी ऐंशीच्या पुढच्या आजी. त्यांचे धाकटे दीर सत्तरच्या सुमारास कॅलिफोर्नियात शिकून आले, पुढे बगिचा पाहिला, आता नाहीत. रेकॉर्ड्सचा विषय काढला तर आजी हसायला लागल्या. ‘भाऊजी ते लावत तं मामंजी वसरीतून ओरडत, बंद कर बाप्पा, कोनाची मयत झाली काय!’ डिलनच्या आवाजावर याहून नेमकी टीका मी कुठल्याच मासिकात वाचलेली नाही.

माळ्यावर गठ्ठा होता. वरचं चांगलं चांगलं आधीच गेलेलं. कबाडी आणि शहरातले दलाल कव्हर पाहून माल उचलतात. सिनेमाच्या संवादांच्या रेकॉर्ड्स, रंगीत फोटोवाल्या एलपी आधी जातात. खाली राहतं ते बिनचित्राचं. बूटलेग शोधणाऱ्याला याच्याइतकी सोयीची गोष्ट नाही. त्यामुळे ‘सगळं विकलं’ असं कोणी म्हटलं तरी खालचा थर पाहिल्याशिवाय उठू नका.

गठ्ठ्याच्या तळाशी ते कोरं कव्हर होतं. कोरं म्हणजे कधीकाळी. त्याच्या पाठीवर पेन्सिलने दुधाचा हिशेब मांडलेला होता. आडव्या ओळीत तारखा, खाली टिका, ज्या दिवशी दूध आलं नाही तिथे ‘खाडा’, आणि वर कोपऱ्यात ‘सप्टें. 1973’. घरात मोठा पुठ्ठा दुसरा नव्हता, आजी म्हणाल्या. परदेशातला संग्राहक हे पाहून किंमत अर्ध्यावर आणेल. मला उलट वाटतं. या रेकॉर्डच्या नकला इतक्यांनी काढल्या की कोरी प्रत पाहून तिचं वय कोणीच छातीठोक सांगू शकत नाही. इथे निदान एवढं पक्कं की हे कव्हर सप्टेंबर 1973 मध्ये या घरात होतं. आतली तबकडी तेव्हाचीच कशावरून, हा प्रश्न उरतोच, कारण कोऱ्या कव्हरांत तबकड्या बदलायला वेळ लागत नाही. पण आजींच्या घरात पांढरं कव्हर हे एकच होतं.

तबकडी तपासायची ती लेबलवरून नाही, लेबलच्या कडेवरून. शेवटच्या खाचेच्या आणि लेबलच्या मधल्या गुळगुळीत पट्ट्यावर बॅटरी तिरपी धरा. तिथला क्रमांक हाताने ओरखडून लिहिलेला आहे का पाहा. कारखान्यात ठशाने उठवलेला आणि कोणीतरी टोच्याने खरवडलेला, यातला फरक भिंगाखाली लगेच कळतो. पुढची परीक्षा कानाची. आधी रेकॉर्ड धुवा. मग एखाद्या जागी खट्ट वाजलं आणि तिथे डोळ्यांना ओरखडा दिसला नाही, तर तो आवाज बहुधा मुद्रणातच आहे. म्हणजे हाती आहे ती दुसऱ्या रेकॉर्डवरून उतरवलेली नक्कल. माझ्या पहिल्या तबकडीवर असा आवाज नव्हता. दुसरीवर, तळघरातल्या गाण्यांच्या बाजूला, दोन ठिकाणी आला. ती धूळ की नक्कल, यावर माझा आणि साउंडवाल्या काकांचा वाद अजून मिटलेला नाही.

धुण्यासाठी गावचं पाणी वापरू नका, क्षार असतात, वाळल्यावर खाचांत पांढरं बसतं. इन्व्हर्टरच्या दुकानातून बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर घ्या, त्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, आणि मऊ सुती फडकं खाचांच्या दिशेने फिरवा. चावीच्या फोनोच्या मिनिटाला 78 फेऱ्यांच्या जुन्या रेकॉर्ड्स सापडल्या तर त्यांना स्पिरिट लावू नका. त्या लाखेच्या असतात आणि स्पिरिटात लाख विरघळते. वाजवून पाहायला पॉवर बँकेवर चालणारा पेटी-प्लेअर न्या, कारण गावात दुपारची लाइट कधी जाईल सांगता येत नाही. त्याची सुई जड असते, म्हणून बाजूमागे मिनिटभराच्या वर लावू नका.

त्याच गठ्ठ्यात दुसरी एक होती, कव्हरवर लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलचं नाव. या नावाने फिरणारी 1966 ची मैफल प्रत्यक्षात 17 मे रोजी मँचेस्टरला झालेली आहे; ती अधिकृतपणे निघाली 1998 मध्ये, तेव्हाही जुनं चुकीचं नाव अवतरणचिन्हांत ठेवूनच. बूटलेगच्या कव्हरवरचा मजकूर म्हणजे ऐकीव माहिती. ही मी घेतली नाही, बुरशीने पार खाल्ली होती.

पैशांचं सरळ बोला. आजींच्या नातवाने मोबाइलवर भाव शोधून मला दाखवले, आणि मी ते आकडे नाकारले नाहीत. फक्त ते पहिल्या छापाचे, स्वच्छ कव्हराचे आहेत एवढं सांगितलं. शेवटी त्याने मागितले तेवढे दिले. दोनशे-चारशेत उचलून आणल्याच्या फुशारक्या मारणारे आपल्यात बरेच आहेत. त्यांच्यामुळेच पुढच्या माणसाला दारात उभं करत नाहीत. आणि घेतलेलं पुढे विकायचा विचार असेल तर आपला 1957 चा कॉपीराइट कायदा आधी वाचा. अनधिकृत प्रतींची विक्री त्यात बसत नाही.

परतीच्या प्रवासासाठी बगिच्यावरून संत्र्याचं प्लास्टिकचं कॅरेट मागून घ्या. एलपी त्यात उभ्या बसतात, जरा डोकं वर काढतात, कडेला वर्तमानपत्र ठासलं की हलत नाहीत. आडव्या रचू नका. एसटीत टपावर किंवा इंजिनाशेजारी ठेवू नका, पायाशी धरा. कंडक्टर सामानाचं तिकीट फाडेल, फाडू द्या. संध्याकाळी अमरावतीकडच्या गाड्यांची वेळ स्टँडवर उतरल्या उतरल्या विचारून ठेवा.

त्या वाड्यावर आता काही उरलेलं नाही, तिकडे कोणी जाऊ नये. साउंडवाल्या काकांनी वरूड आणि मोर्शीकडची दोन नावं सुचवली आहेत. त्यातलं एक घर डॉक्टरांचं आहे आणि तिथे टेपची रिळं आहेत म्हणतात. रिळांचं यंत्र चालू स्थितीत कोणाकडे असेल तर कळवा, होळीच्या आत जायचं आहे.