रस्ता तेवढाच आहे

रविवार, रात्रीचे साडेदहा. बोरिवली.

गोराईच्या मावशीला गुडघ्यांमुळे आता होडीत चढता येत नाही. खाडी ओलांडली की गोराई समोरच, पण गाडीने जायचं तर दहिसर, भाईंदर, मग मुर्धा, राई, मोर्वा, डोंगरी, उत्तन असा मोठा वळसा. तिला उद्याच्या तपासणीसाठी घरी आणायचं होतं, म्हणून आमची नवी गाडी घेऊन गेले. कागदावर तिची रुंदी १.९ मीटर, तीही आरसे न धरता. आरसे उघडले की ती दोन मीटरच्या पुढे जाते.

भाईंदरची मिठागरं मागे पडल्यावर रस्ता गावांमधून जातो. काही ठिकाणी घरांचे ओटे थेट डांबराला लागलेले. अशाच एका वळणावर समोरून आमच्याच मापाची गाडी आली, तिच्या मागे बस. आम्ही दोघी थांबलो. माझी गाडी आणि भिंत यांच्यामधून एक आजी येत होत्या, डोक्यावर मासळीची पाटी. त्यांनी पाठ भिंतीला टेकवली, एका हाताने पाटी सावरली आणि गाड्या हलायची वाट बघत उभ्या राहिल्या. मी आरसे मिटले आणि त्या पुढच्या ओट्यावर चढेपर्यंत गाडी हलवली नाही. मागून हॉर्न सुरू झाले होते. गाडीतले सेन्सर तर चहूबाजूंनी कोकलत होते. गल्लीत ते सतत वाजतात, त्यामुळे भिंत कुठली आणि माणूस कुठला हे त्यांच्यावरून कळतच नाही.

आजींच्या चेहऱ्यावर राग नव्हता. अशा उभ्या राहायची त्यांना सवय झालेली दिसली आणि मला त्याचाच जास्त त्रास झाला.

आत्ता वही घेऊन आकडे मांडत बसलेय. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत एकपदरी रस्त्याचं डांबर ३.७५ मीटर धरतात, रहदारी कमी असेल तर तीनच मीटर. गावठाणातली गल्ली कित्येकदा त्याहूनही अरुंद असते. मारुती ८०० साधारण १.४४ मीटर रुंद होती. अशा दोन गाड्या ३.७५ मीटरवर समोरासमोर आल्या तरी ८७ सेंटिमीटर उरायचे, एक माणूस पाटी घेऊन निघून जाईल एवढे. आजच्या १.९ मीटरच्या दोन गाड्यांचे होतात ३.८० मीटर. म्हणजे आरसे मिटूनसुद्धा दोघी डांबरावर मावत नाहीत. एकीला साइडपट्टीवर उतरावंच लागतं, आणि गावात साइडपट्टी म्हणजे कुणाचं तरी अंगण, तुळस, नाहीतर गटाराचे ढापे. उरलेली जागा चालणाऱ्याची होती. ती गाडीने घेतली.

लहानपणी ॲम्बेसेडर आम्हाला केवढी मोठी वाटायची! तिची रुंदी १.६६ मीटर. आजची स्विफ्ट, जिला सगळे छोटी गाडी म्हणतात, ती १.७३ मीटरच्या वर आहे.

गाड्या उगाच रुंद झाल्या असं मी म्हणणार नाही. ऑक्टोबर २०१७ पासून आपल्याकडे नव्या मॉडेलना बाजूने होणाऱ्या धडकेची चाचणी सक्तीची झाली, आणि दार जाड असेल तर आतला माणूस वाचतो. उद्या मावशी त्याच दाराच्या आड बसणार आहे, मला ते दार हवंच आहे. पण बाहेरच्या माणसाचा हिशेब कोण ठेवतं? आपल्याकडे गाडीचा कर ठरतो लांबीवर आणि इंजिनवर. २००६च्या अर्थसंकल्पापासून चार मीटरच्या आतली ती छोटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले, छोटीला १८ टक्के आणि मोठीला ४०, तरी मापं तीच: चार मीटर लांबी, पेट्रोल असेल तर १२०० सीसी, डिझेल असेल तर १५०० सीसी. रुंदीचा त्यात उल्लेखच नाही. मग कंपन्या लांबी चार मीटरच्या आत ठेवतात आणि गाडी आडवी वाढवतात. जपानमध्ये ‘केई’ नावाच्या छोट्या गाड्यांना रुंदीचीही मर्यादा आहे, आज ती १.४८ मीटर. आपली मारुती ८०० त्याच घराण्यातली. अरुंद गल्ल्यांतून ती सहज जायची त्याचं मूळ तिकडे आहे. रुंदीवर कर लावा, हे मला अगदी मनापासून वाटतं. आमच्या गाडीला जास्त पडला तरी चालेल.

काका एसटीत चालक होते. दुपारी मावशीकडे जेवताना त्यांना वळणावरचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, “समोर गाडी आली की आधी बघायचं, मागे रुंद जागा कुणाला जवळ आहे. ज्याला जवळ, त्याने मागे यायचं. त्यात मान-अपमान नसतो.” चढावर मात्र उतरणाऱ्याने थांबायचं आणि चढणाऱ्याला जाऊ द्यायचं, हे कायद्यातही आहे. डोंगरीच्या बाजूला आज ते कुणी पाळताना दिसलं नाही.

मग ते स्वतः उठून बाहेर आले आणि आमच्या गाडीभोवती एक फेरी मारली. बॉनेट त्यांच्या छातीला लागत होतं. शेजारचं पोर चेंडू घ्यायला बंपरपुढे वाकलं, तेव्हा त्यांनी मला चालकाच्या जागेवर बसवून विचारलं, “दिसतंय का?” दिसत नव्हतं. “मग निघायच्या आधी खाली उतरून पुढून बघायचं,” एवढंच म्हणाले. गटाराच्या ढाप्यांकडे बोट दाखवून सांगितलं की हे बैलगाडी आणि स्कूटरच्या वजनाला घातलेत, पावणेदोन टनांच्या गाडीचं चाक त्यावर चढवू नकोस. परत येताना मी एकाही ढाप्यावर चाक घातलं नाही. दोनदा मागे आले, एकदा समोरच्या मुलाला हाताने खूण करून आधी जाऊ दिलं. मावशी मागच्या सीटवर शांत झोपली होती.

धाकट्या भावाला पुढच्या महिन्यात गाडी बुक करायची आहे. त्याला आत्ताच फोन केला. टेस्ट ड्राइव्ह हायवेवर घेऊ नकोस म्हटलं, शोरूमच्या माणसाला सांग, गोराईच्या गल्लीत चला. तो हसला, पण तयार झाला. येताना टेप घेऊन ये, आरशापासून आरशापर्यंत मोजायचं आहे, हेही सांगितलं. शनिवारी सकाळी जातोय. त्या वेळी बाजाराला निघालेल्या बायका रस्त्यावर असतात आणि गाडी पारखायची ती त्यांच्या समोरच.