रोव्हर पी-५बी, एकदम कडक

आज इंग्लंडमधल्या वॉरविकशायरच्या एका गावात जुन्या गाड्यांचा मेळा होता. जॅग्वारच्या रांगा सोडून मी अर्धा तास एकाच गाडीपाशी रेंगाळलो. १९७२ची रोव्हर पी-५बी सलून (म्हणजे सेडान), मीटरवर जेमतेम २९ हजार मैल. मीटरचं काय, तो फिरवताही येतो. पण गाडीच्या मालक आजोबांनी जुन्या एमओटीच्या (ब्रिटनमधली गाड्यांची वार्षिक तपासणी, तिच्यात मीटरचा आकडाही नोंदतात) सर्टिफिकेटांची अख्खी फाइलच पुढे केली. मी आधी ब्रेकच्या पेडलचं रबर बघितलं. खाचा शाबूत! गाडी किती चालली हे तिथे कळतं, पॉलिशवर नाही.

मग त्यांनी डॅशबोर्डखालचा ट्रे ओढला. आत एकेक पाना आपापल्या खाचेत बसलेला, जणू देवघरातली उपकरणीच. अर्धे तर कधी वापरलेच नव्हते.

बॉनेटखाली साडेतीन लिटरचं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन. हे मूळचं अमेरिकेतल्या ब्युइकचं ॲल्युमिनियम इंजिन. हक्क रोव्हरने घेतले आणि १९६७पासून या गाडीत बसवलं. उत्पादन १९७३मध्ये थांबलं, तरी सरकारने शेवटच्या काही गाड्या मंत्र्यांसाठी राखून ठेवल्या. म्हणूनच १९७९मध्ये पंतप्रधान झाल्यावर थॅचरबाई डाउनिंग स्ट्रीटला आल्या त्या पी-५बीमधूनच. राणी एलिझाबेथकडेही एक होती, आणि ती म्हणे स्वतः चालवायची.

आजोबांनी चावी फिरवली. आवाज इतका कमी की मला वाटलं सुरूच झाली नाही.

बायकोचा पहिला प्रश्न, “ॲव्हरेज किती देते?” गॅलनला वीस मैलही नाही म्हटल्यावर ती सरळ आइस्क्रीमच्या रांगेकडे वळली. फोटो कमेंटमध्ये टाकतोय.