डूलिनमध्ये ऐकलेले सूर

आयर्लंडच्या क्लेअर परगण्यातील डूलिन गावी ऐकलेले इलन पाइप्स, म्हणजे आयरिश बॅगपाइप, पुन्हा कानी पडले, की पबच्या कोपऱ्यात डोळे मिटून, कोपराखालच्या भात्याने हवा भरत वाजवणारा तो वृद्ध वादक लख्ख आठवतो. माझी मुळे त्या मातीत नाहीत, तरीही ते सूर जिवाला चटका लावतात. शेजारच्या अमेरिकन बाईंचे पूर्वज मात्र १८४५ नंतरच्या भीषण दुष्काळात देश सोडून गेलेल्या लाखोंपैकी होते. धून सुरू होताच त्यांचे डोळे भरून आले.

कॉर्क परगण्यात जन्मलेले आणि पुढे शिकागोचे पोलीसप्रमुख झालेले फ्रान्सिस ओ'नील यांनी १९०३ मध्ये १८५० आयरिश धुनांचा संग्रह छापला, हे कार्य मला फार मोलाचे वाटते. त्यांना स्वतःला स्वरलेखन येत नसे. आठवणीतली चाल ते सहकाऱ्याला ऐकवत आणि तो ती उतरवून घेई.