टक्के आण, मग बॅट

मुलांनी काही महागाचं मागितलं की आपल्याकडे एक वाक्य तयारच असतं, "आधी टक्के आण, मग बघू." सायकल मागा, घड्याळ मागा, फोन मागा, उत्तर तेच. आमच्या घरी सध्या बॅटवरून चाललंय, तीही इंग्लिश विलोची, म्हणजे विलो झाडाच्या विलायती, महागड्या लाकडाची. चिरंजीव आठवीत, संध्याकाळी ग्राउंडवर जातात आणि तिथे म्हणे निम्म्या पोरांकडे ती आहेच.

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरात यावरून सरळ दोन पार्ट्या पडल्या. आबा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले देऊन टाका, खेळायचं वय काय परत येतं का. नवरा म्हणाला नाही, फुकट मिळालं की किंमत राहत नाही, कमवून घेऊ दे. आता आठवीतलं पोर कमावणार कुठून? मग काकाची अ‍ॅक्टिव्हा धुतली की पन्नास, आजीच्या बीपीच्या गोळ्या आणल्या की वीस, म्हणजे पैसे आपलेच, फक्त या खिशातून त्या खिशात, आणि वर पोराला कळतं की आजीच्या गोळ्यांचेही पैसे लावता येतात. मला तर हे फुकट देण्यापेक्षाही वाईट वाटतं. मग राहिले टक्के. पण बीजगणिताचा आणि बॅटचा संबंध काय हे मला आजवर कोणी नीट समजावून सांगितलेलं नाही. मार्क कमी पडले तर अभ्यास घ्या ना, बॅटला कशाला मधे ओढताय.

वाद निघाला की मोठी नावं निघतातच, त्यात हे बडोदं. 1947 च्या रणजी फायनलला होळकर संघाविरुद्ध इथेच विजय हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या विकेटसाठी 577 रन्स केल्या, हजारेंच्या 288, गुल महंमद 319, हे आबांना झोपेतून उठवलं तरी पाठ. नवरा म्हणतो, बघा, तेव्हाच्या बॅटच्या कडा किती बारीक असायच्या, तरी अडलं का काही? आबा म्हणतात, बारीक असेल, पण त्यासाठी हजारेंकडे कोणी गणिताचा पेपर नव्हता मागितला! मग इरफान आणि युसूफ, पठाण बंधू. मांडवीच्या जामा मशिदीच्या आवारात लहानाचे मोठे झाले, कुठे होतं त्यांच्याकडे सामान, इथून ते थेट इंडियापर्यंत. सगळं खरंच आहे. पण सामान नाही म्हणून ज्यांनी गुपचूप खेळणं सोडलं त्यांची नावं कोणाला माहीत असणार, त्यामुळे हा दाखला मी फारसा मनावर घेत नाही.

शेवटी रावपुऱ्यातल्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने काउंटरवर दोन बॅट शेजारी शेजारी ठेवल्या. काश्मीर विलो थोडी तपकिरी आणि हाताला जड, दोनेक हजारात येते. इंग्लिश पांढुरकी, हलकी, आठ-दहा हजारांपासून सुरू आणि वर जायचं म्हटलं तर पन्नास हजारही कमी पडतील. "बेन, ग्रेन गणो," म्हणाला. बॅटच्या तोंडावर उभ्या रेघा असतात ना, त्या ग्रेन, एक रेघ म्हणजे झाडाचं एक वर्ष. आमचं पोर बोट ठेवून मोजत बसलं, आठ की नऊ यावर दुकानदाराशी वाद पण घातला. खरं सांगायचं तर महागाच्या विरोधातला एकच मुद्दा मला पटतो आणि तो संस्काराचा नाही, उंचीचा आहे. बॅटची मापं उंचीप्रमाणे वाढत जातात, आज सहा नंबर, पुढे हॅरो, मग मोठ्यांची शॉर्ट हँडल, वाढत्या पोराला बॅट वर्ष-दीड वर्षात छोटी होते, त्यामुळे चाळीस हजाराची घेणारे आईबाप मला कळत नाहीत. हेल्मेट, पॅड, गार्ड यांना मात्र कसलीही अट नको, दीडशे ग्रॅमच्या वरचा लेदर बॉल तोंडावर येताना टक्के विचारत नाही.

इंग्लिशमधली सगळ्यात साधी घेतली, अर्धे पैसे आबांनी घातले. दुकानदार म्हणाला थोडे जास्त द्या, मशीनवर नॉकिंग, म्हणजे ठोकून ठोकून लाकूड घट्ट करून देतो, लगेच खेळायला तयार. मी म्हटलं नको, कच्चीच द्या. माझ्या मते कमवायचं असेल तर ते इथे आहे.

हे लाकूड मऊ असतं, तसंच नेऊन नवा बॉल मारला तर चिरतं. आधी फडक्याने अळशीच्या तेलाचा पातळ हात द्यायचा, स्टिकरवर नाही, हँडल जिथे बसवलंय तिथे नाही, मग रात्रभर आडवी ठेवायची. दुसऱ्या दिवसापासून लाकडी हातोडी घेऊन टक टक टक, आधी हळू मग जोरात, कडांवर तिरकं मारायचं, सरळ मारलं की गेली. असे सहाएक तास तरी, एका बैठकीत नाही अर्थात, आणि मग जुन्या बॉलवर थोडे दिवस. वरचं लाकूड दाबलं जाऊन घट्ट होतं आणि आवाज बदलतो, आधी भदभद येतो, मग टणक. शेजारच्या काकूंची दुपारची झोप गेली, त्या बाल्कनीतून रोज विचारायच्या की फर्निचर संपलं का. पोराची बोटं लाल झाली, दोनदा हातोडी टाकून टीव्हीसमोर जाऊन बसला, कोणी काही बोललं नाही, आपला आपणच उठून आला.

परवा नवऱ्याने सहज बॅट उचलली आणि स्टान्स घेऊन फरशीवर दोनदा ठोकली, तर हा आतून ओरडला, "बाबा, टो आपटू नका, तडा जातो!" टो म्हणजे बॅटचं खालचं टोक. मी नवऱ्याकडे बघितलं, म्हटलं झालं का समाधान, कळली किंमत. तो म्हणाला, हो, पण गणितात बावन्न आहेत.

आता मोठीला कॅमेरा हवाय. लेन्ससकट किंमत ऐकून आबा पण गप्प बसले. मी त्याचं नॉकिंग कसं असतं ते शोधतेय.