हीथ्रो ते पॅरिस: हवेत पाऊण तास, जमिनीवर पाच

लंडन-पॅरिस विमानाचं तिकीट अंतर मोजणाऱ्या संकेतस्थळाच्या भरवशावर काढू नका. लंडनचं हीथ्रो ते पॅरिसचं शार्ल द गोल विमानतळ हे सरळ रेषेतलं अंतर साधारण ३४८ किलोमीटर. ताशी ८०० ने भागलं की २६ मिनिटं येतात, त्यात अर्धा तास मिळवला की 'एक तास' तयार. प्रत्यक्षात विमान चढून सरळ होतं न होतं तोच उतरायला लागतं. हवेत ४५ ते ५० मिनिटं, वेळापत्रकात मात्र १ तास २० मिनिटांच्या आसपास. उरलेला वेळ धावपट्टीच्या रांगेत जातो. परतीला गर्दी असेल तर हीथ्रोत उतरण्याआधी घिरट्या, एक फेरा चारेक मिनिटांचा.

पॅरिस एक तास पुढे आहे, म्हणून १० ला सुटलेलं विमान १२:२० ला पोचतं आणि येताना १० चं १०:२० ला. पुढची गाडी पकडायची असेल तर हे आकडे दोनदा वाचा.

खरा छळ शार्ल द गोलच्या पासपोर्ट रांगेत. ब्रिटन शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. भारतीय पासपोर्टला ब्रिटनचा व्हिसा असला तरी शेंगेन व्हिसा वेगळा लागतोच. त्यात १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर चेहऱ्याचा फोटो आणि (व्हिसा न लागणाऱ्यांचे) चार बोटांचे ठसे घेणं टप्प्याटप्प्याने सुरू झालं. पहिली खेप असेल तर इथे तासभर धराच. दोन-तीन मोठी विमानं एकदम उतरली की तोही पुरत नाही.

रांगेतून सुटल्यावर दाराशी 'टॅक्सी?' विचारत येणाऱ्या कुणाच्याही मागे जाऊ नका. लुबाडणूक इथेच होते, कारण माणूस थकलेला असतो. अधिकृत टॅक्सीचा दर ठरलेला आहे: २०२५ मध्ये सेन नदीच्या उत्तरेला ५६ युरो, दक्षिणेला ६५. पाट्या बघून टॅक्सीच्या रांगेतच उभे राहा आणि बसण्याआधी आकडा बोलून घ्या. आरईआर बी या उपनगरी गाडीने गार द्यु नोर हे पॅरिसमधलं मोठं स्थानक अर्ध्या तासावर. मात्र मेट्रोचं साधं तिकीट (२०२५ मध्ये अडीच युरो) विमानतळासाठी चालत नाही. विमानतळाचं तिकीट वेगळं, २०२५ मध्ये १३ युरो.

हिशेब असा: मध्य लंडनहून हीथ्रो एक तास, विमानतळावर दोन, विमान १:२०, पासपोर्ट एक, शहरात शिरायला पाऊण. झाले सहा. लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकाहून युरोस्टार रेल्वे २ तास २० मिनिटांच्या आत-बाहेर गार द्यु नोरला सोडते, आणि फ्रेंच तपासणी लंडनमध्येच उरकते. तासभर आधी पोचायचं धरूनही चार तासांत काम.

म्हणून शहरातून शहरात जायचं असेल तर रेल्वेच. विमान घ्यावं ते फक्त पुढचं उड्डाण त्याच तिकिटावर असेल तेव्हा. युरोस्टारचं प्रवेशद्वार गाडी सुटण्याच्या ३० मिनिटं आधी बंद होतं, आणि ठशांची रांग तिथेही आहेच; सुट्टीच्या मोसमात दीड तास आधी पोचा.