क्लाइडच्या काठाने, उलटं

क्रॉसफर्डला बसमधून उतरलो तेव्हा सकाळचे नऊ, वर पावसाची भुरभुर आणि बायकोच्या सॅकमध्ये चार थालीपिठं. प्लॅन एवढाच, स्कॉटलंडमधल्या क्लाइड नदीच्या काठाकाठाने उगमाच्या दिशेने न्यू लॅनार्क गाव गाठायचं. मॅपवर बारा-तेरा किलोमीटर, पण चिखलातले किलोमीटर जरा लांब असतात हे आधी कुणी सांगत नाही.

हे खोरं पूर्वी फळबागांसाठी प्रसिद्ध होतं, सफरचंद, प्लम वगैरे. मग येतो स्टोनबायर्सचा धबधबा. समुद्रातून आलेले सॅमन मासे इथवरच पोचतात, पुढची चढण त्यांना झेपत नाही. आम्ही चढलो, पण थालीपीठ खाऊन आणि दोनदा बसून.

न्यू लॅनार्क वरून पाहिलं आणि मी गपच झालो, कारण ती सगळी मिलच निघाली, दगडी, उंच, खिडक्यांच्या रांगाच रांगा, अगदी आपल्या लालबाग-परळसारख्या, फक्त चिमणीचा धूर नाही कारण इथे यंत्रं नदीच फिरवायची. 1785 साली डेव्हिड डेलने सुरू केली, 1800 पासून कारभार रॉबर्ट ओवेनकडे. त्याने दहा वर्षांखालच्या पोरांना कामावर घेणं बंद केलं आणि 1816 मध्ये त्यांच्यासाठी शाळा काढली. भला माणूस. पण प्रत्येक कामगाराजवळ एक चौकोनी लाकडी ठोकळा टांगलेला असायचा, चार बाजूंना चार रंग, काळा म्हणजे वाईट, निळा बरा, पिवळा चांगला, पांढरा उत्तम, आणि काल कसं काम केलंस ते त्याचा पुढचा रंग सगळ्यांना सांगायचा. माझे आजोबा लालबागला साच्यावर होते, त्यांचा मुकादम शिव्या द्यायचा. मला वाटतं आजोबांना शिवीच परवडली असती, ती निदान भोंगा झाला की संपते.

पुढे अर्ध्या तासावर कोरा लिन धबधबा, सव्वीस-सत्तावीस मीटर उंचीवरून कोसळणारा. टर्नर या इंग्रज चित्रकाराने याचं चित्र काढलंय. आता बरंचसं पाणी 1927 पासूनचं वीजकेंद्र पाइपातून पळवतं, म्हणजे नदीची ड्यूटी अजून चालूच आहे. नशिबाने रात्री पाऊस झाला होता म्हणून आम्हाला भरपूर दिसलं.

परत येऊन बूट काढताना बायको म्हणाली, "आज तुझा निळा." मी पिवळ्यासाठी भांडत होतो, तेवढ्यात तिने डबा उघडला आणि चौथं थालीपीठ कुठे गेलं ते तिला कळलं. लगेच काळा.