मॅडम, ते लसीनंच नं?

"मॅडम, जवान पोट्टे असे पटापट जाऊन राहिले, ते लसीनंच नं?" नागपूरला धंतोलीतल्या माझ्या दवाखान्यात बीपीचा पट्टा सोडता सोडता हा प्रश्न येतो, लग्नाच्या पंगतीतही येतो. थोडं वाचून आलेले विचारतात, "हृदयाला सूज येते हे अमेरिकेनंच मान्य केलंय म्हणे. मग तुम्ही आम्हाला कोरोनाची लस घ्या म्हणून का मागे लागला होतात?" दोन पेशंटांच्या मधल्या वेळात याचं धड उत्तर देता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून इथं सविस्तर लिहिते.

हो, येते. फायझर आणि मॉडर्ना या एमआरएनए (विषाणूचा एक तुकडा बनवायची सूचना शरीराला देणाऱ्या) लसींनंतर काही जणांच्या हृदयाच्या स्नायूला किंवा हृदयावरच्या आवरणाला सूज आली. २०२१ मध्ये आधी इस्रायलमधून अशा केसेस कळल्या, आणि त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेनं या लसींच्या माहितीपत्रकात तसा इशारा घातला. बहुतेक रुग्ण तरुण मुलगे. त्रास बहुधा दुसऱ्या डोसनंतर, आठवड्याच्या आत. अमेरिकेतल्या नोंदींत सगळ्यात जास्त प्रमाण सोळा-सतरा वर्षांच्या मुलग्यांत निघालं : फायझरच्या दुसऱ्या डोसनंतर दहा लाख डोसमागे सुमारे १०६. मुलींमध्ये आणि मोठ्या वयात ते बरंच कमी.

हे कसं दिसतं तेही सांगते. माझ्या प्रतापनगरच्या एका पेशंटचा मुलगा तेव्हा अमेरिकेत शिकत होता. रात्री त्यांचा फोन आला, मुलाच्या छातीत दुखतंय, आडवं झालं की जास्त, पुढे वाकून बसलं की जरा बरं. मी पहिला प्रश्न विचारला, डोस कधी घेतला? तिसरा दिवस होता. म्हटलं, सकाळची वाट पाहू नका, त्याला आत्ता इमर्जन्सीत जाऊ द्या, आणि डोसचं आधी सांगू द्या. रक्तात ट्रोपोनिन वाढलेलं निघालं, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झालेली. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, चांगली होती, एमआरआयमध्ये सूज दिसली. थोडे दिवस ॲडमिट, सूज उतरवणाऱ्या गोळ्या, आणि घरी सोडताना ताकीद : काही महिने धावणं, जिम, फुटबॉल बंद. सुजलेल्या हृदयावर ताण पडला तर ठोक्यांची लय बिघडू शकते, म्हणून ही ताकीद फार महत्त्वाची. तो मुलगा बरा झाला. बहुतेक जण होतात. काहींच्या एमआरआयमध्ये व्रण बराच काळ राहतो, त्यांना तपासणीखाली ठेवावं लागतं. जगात अशा सुजेनं मोजके मृत्यूही झाले आहेत, तेही मी लपवणार नाही.

आता तुम्ही-आम्ही काय घेतलं ते बघा. नागपुरात रांगा लावून आपण घेतली ती कोविशील्ड किंवा कोव्हॅक्सिन. कोव्हॅक्सिन मेलेल्या विषाणूची, कोविशील्ड निरुपद्रवी केलेल्या दुसऱ्याच विषाणूवर बसवलेली. फायझरनं भारतातला अर्ज फेब्रुवारी २०२१ मध्ये मागे घेतला. मॉडर्नाला त्याच वर्षी जूनमध्ये परवानगी मिळाली, पण ती लस आपल्या मोहिमेत आलीच नाही. पुण्यात तयार झालेल्या एमआरएनए लसीला २०२२ च्या जूनमध्ये मान्यता मिळाली, तोवर बहुतेक मोठ्या माणसांचे दोन्ही डोस होऊन गेले होते. म्हणजे ज्या लसींबद्दल तो इशारा आहे, त्या इथल्या जवळपास कुणाच्याच दंडात गेलेल्या नाहीत.

कोविशील्डचा म्हणून एक वेगळा दुर्मीळ धोका आहे : रक्तात गुठळ्या होतात आणि त्याच वेळी प्लेटलेट घसरतात. २०२४ मध्ये, कंपनीनंच इंग्लंडच्या कोर्टात हा धोका मान्य केल्याची बातमी आली तेव्हा लोक वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन दवाखान्यात आले होते. घाबरलेल्या माणसाला मी हसत नाही. पण तो त्रास प्रामुख्यानं पहिल्या डोसनंतर, काही आठवड्यांतच होतो. २०२१ ला डोस घेतलेल्यानं आज त्या भीतीपोटी डी-डायमरची (रक्तातल्या गुठळ्यांचा अंदाज देणारी) तपासणी करून पैसे घालवू नयेत.

मी मागे का लागले होते? २०२१ च्या एप्रिलमध्ये नागपुरात एका बेडसाठी लोक रात्रभर फिरत होते, हे तुम्हीही पाहिलंय. कोरोनानं स्वतः हृदयाला सूज येते. इस्रायलच्या एका मोठ्या अभ्यासात फायझरनंतर लाखामागे सुमारे तीन जास्तीच्या केसेस आढळल्या, संसर्गानंतर अकरा. याला अपवादही आहे : इंग्लंडच्या आकडेवारीत चाळिशीच्या आतल्या पुरुषांना मॉडर्नाच्या दुसऱ्या डोसनं संसर्गापेक्षा जास्त धोका निघाला. स्वीडन आणि फिनलंडनं तरुणांसाठी ती लस थांबवली, ते मला पटलं. परदेशी शिकायला निघालेल्या मुलाला तिथं अशा लसीचे दोन डोस घ्यायचे असतील, तर मी मध्ये आठ आठवड्यांचं अंतर विचारून घ्यायला सांगते. अंतर वाढवलं की हा धोका कमी होतो.

आणि जवान पोट्टे? आयसीएमआरनं, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं, देशातल्या ४७ रुग्णालयांतून १८ ते ४५ वयाच्या अचानक मृत्यूंचा अभ्यास केला, तो २०२३ मध्ये छापून आला. लसीमुळे धोका वाढलेला आढळला नाही, दोन डोस घेतलेल्यांत तो कमीच होता. वाढलेला आढळला तो कोविडसाठी ॲडमिट झालेल्यांत, घरात कुणी असंच अचानक गेलेल्यांत, आणि मृत्यूच्या आदल्या दोन दिवसांत खूप दारू प्यायलेल्या किंवा जोराचे श्रम केलेल्यांत.

यातलं "घरात कुणी" माझ्या मनातून जात नाही. महालातलं एक कुटुंब. थोरला मुलगा तिशीत, बॅडमिंटन खेळताना कोसळला. तेराव्याच्या आतच घरात ठरलं होतं, लसीनं गेला. वडील शुगरच्या गोळ्या लिहून घ्यायला आले तेव्हा मी विचारलं, घराण्यात आधी कुणी असं गेलंय का? ते नाही म्हणाले. बाजूला बसलेल्या आई हळूच म्हणाल्या, "यांचे धाकटे भाऊ नाही का, वावरात?" ते गेले तेव्हा कोरोनाचं नावही कुणी ऐकलेलं नव्हतं.

धाकटा मुलगा पोलीस भरतीसाठी रोज पहाटे मानकापूरला धावत होता. त्याला बोलावून ईसीजी काढला. कागदावर लाटा खोल उलट्या पडलेल्या. इकोत हृदयाची भिंत एकवीस मिलिमीटर. एरवी ती अकरा-बाराच्या आत असते. स्नायू जाड होण्याचा हा आजार आईकडून किंवा वडिलांकडून येतो, आणि प्रत्येक भावंडाला तो असण्याची शक्यता निम्मी असते. "लसीनं गेला" म्हटलं की पुढची चौकशी थांबते, आणि तेवढ्यात दुसरा मुलगा मैदानावर धावत असतो. मला या अफवेचा राग येतो तो एवढ्याचसाठी.

त्याचं धावणं त्याच दिवशी बंद केलं, गोळ्या सुरू केल्या, हृदयाचे ठोके बिघडले तर शॉक देणारं यंत्र छातीत बसवून घेतलं. भरती गेली, त्याचं त्याला फार वाईट वाटलं. वावरात गेलेल्या काकांची दोन मुलं भंडाऱ्याकडे असतात, त्यांचे इको अजून व्हायचे आहेत. वडिलांना म्हटलंय, त्यांना या शनिवारी घेऊनच या.